प्राथमिक शाळेत धर्म आणि जीवनदृष्टी शिकवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

डिसेंबर आला की पहिलीच्या वर्गात लाल टोप्या येतात. ईदच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीला उभं करून ‘सांग गं, तुमच्यात काय करतात?’ असं विचारलं जातं. ‘आपले सण’ या तक्त्यावर गुढीपाडव्यापासून होळीपर्यंत सगळं वर्षभर लटकत असतं. सर्वधर्मसमभाव शिकवला अशी नोंद टाचणवहीत, म्हणजे शिक्षकाच्या पाठाच्या तयारीच्या वहीत पडते, आणि मुलांच्या हाती एवढंच लागतं की काही सण आपले आणि काही त्यांचे.

हेतू चांगला असूनही असं होतं, कारण हा विषय तयारीशिवाय घेतला जातो. त्याला वेगळी तासिका नाही. परिसर अभ्यास, भाषा, परिपाठ, मूल्यशिक्षण या सगळ्यांत तो थोडा थोडा येतो आणि सणाच्या आदल्या दिवशी उरकला जातो. खालचा क्रम जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित मराठी शाळांत पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांसाठी आहे. पहिले पाच टप्पे वर्गात पाऊल टाकण्याआधीचे आहेत, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

१. आधी हद्द ठरवा

संविधानाचं कलम २८ स्वतः वाचा, ते लहानसं आहे. पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्यात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही.

हे वाचून बरेच जण धर्माचं नावच नको म्हणतात. तशी गरज नाही. एखाद्या धर्माची शिकवण देणं वेगळं आणि धर्मांविषयी माहिती देणं वेगळं, हा फरक शिक्षणविषयक कोठारी आयोगाने (१९६४-६६) स्पष्ट केला होता. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही विविध धर्मांच्या अभ्यासाला कलम २८ ची आडकाठी नाही असं सांगितलं.

रोजच्या कामात हद्द अशी पाळायची: पाहणं, ऐकणं, वाचणं, विचारणं, तुलना करणं, चित्र काढणं हे चालेल. वर्गात आरती करवून घेणं, नमाजाच्या हालचाली ‘करून दाखवा’ म्हणणं, बाप्तिस्म्याचं नाटक बसवणं, बौद्धांचं त्रिशरण सगळ्यांकडून म्हणवून घेणं हे चालणार नाही.

*तपासणी:* हा उपक्रम करताना मुलाला क्षणभर तरी त्या धर्माचा अनुयायी व्हावं लागतंय का? उत्तर ‘हो’ असेल तर उपक्रम बदला.

परिपाठही याच कसोटीवर तपासा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, बोधकथा याबद्दल वाद नाही. पण रोजच्या प्रार्थना एकाच देवतेच्या असतील, तर तासाला कितीही समभाव शिकवला तरी सकाळची दहा मिनिटं त्याच्या उलट शिकवत राहतात.

२. वर्गात कोण बसलंय ते शांतपणे समजून घ्या

जनरल रजिस्टरमधला धर्म-जातीचा रकाना या कामाला पुरत नाही. तिथे ‘हिंदू’ लिहिलेल्या चार मुलांच्या घरी चार गोष्टी असतात. महानुभाव घरात इतर देवदेवतांची पूजा होत नाही, म्हणजे गणपतीही बसत नाही. लिंगायत घरातल्या आजीच्या गळ्यात इष्टलिंग असतं. वारली पाड्यावरचं मूल हिरवा देव, वाघदेव आणि कणसरी यांच्याविषयी सांगेल. माळकरी घरात मांसाहार नसतो, तर खंडोबा कुळदैवत असलेल्या शेजारच्या घरात तळी उचलली जाते. बौद्ध घरातल्या मुलाच्या दाखल्यावर एखादी जुनीच नोंद चालत आलेली असू शकते. मुसलमान मुलांमध्येही कोकणी घर आणि मराठवाड्यातलं घर सारखं नसतं. वसईचा ख्रिस्ती आणि अहिल्यानगरकडचा ख्रिस्ती यांच्या चर्चच्या पद्धती वेगळ्या असू शकतात.

म्हणून पालकभेटीत किंवा घरभेटीत तीन साधे प्रश्न विचारा, आणि ते प्रत्येक पालकाला विचारा. फक्त अल्पसंख्य घरांना विचारलंत तर तीच चूक वेगळ्या दाराने आत येते.

- खाण्यात काही वर्ज्य आहे का?
- शाळेतल्या कुठल्या गोष्टीत मुलाला बसवू नये असं वाटतं?
- घरी जिथे जाता, जे म्हणता, त्याला तुमचा शब्द कोणता?

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि तोच सर्वांत कामाचा आहे. बौद्ध मूल ‘विहार’ म्हणतं आणि शिक्षक ‘तुमचं मंदिर’ म्हणतात. शब्द चुकला की ते मूल पुढे बोलायचंच थांबतं.

आणखी एक गोष्ट याच वेळी कळते: कुणाच्या घरी नुकतं कोणी गेलंय का. अशा मुलासमोर मरणानंतरच्या समजुतींचा धडा काढायचा नाही. तो पुढच्या सत्रात जाईल.

*सावधान:* ही माहिती तुमच्या डोक्यात ठेवा. तिचा तक्ता करू नका, मुलांकडून ‘धर्मानुसार हात वर करा’ असं करून घेऊ नका, बसण्याचे गट त्यावरून पाडू नका.

वर्गात एकाच समाजाची मुलं असतील तर हे काम जास्त गरजेचं आहे, कारण त्या मुलांना दुसरीकडून ओळख होण्याचा रस्ताच नसतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध होते, देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक. तरीही कितीतरी शाळांच्या सणांच्या तक्त्यावर बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन सापडत नाहीत. तुमच्या शाळेचा तक्ता आजच पाहा.

३. मुख्याध्यापक, समिती आणि पालकांना आधी सांगा

क्रम महत्त्वाचा आहे: आधी मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती, मग सगळे पालक. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तिथे विषय मांडला की गावात तो तुमच्या शब्दांत पोहोचतो. नाहीतर तो मुलाच्या अर्धवट सांगण्यातून पोहोचतो.

पालकांना छापील चिठ्ठी द्या. नमुना असा:

‘नमस्कार. पुढच्या महिन्यात चौथीच्या वर्गात आपण “बाळाचं नाव कसं ठेवतात” हा विषय घेत आहोत. वेगवेगळ्या धर्मांची, पंथांची, तसंच कुठलाच धर्म न मानणारी माणसं हा प्रसंग कसा पार पाडतात ते मुलं समजून घेतील. वर्गात कुठलीही पूजा, प्रार्थना किंवा विधी होणार नाही. कुणी काय मानावं हे शिकवलं जाणार नाही. पाठाचं टाचण पाहायचं असेल किंवा काही शंका असेल, तर शाळा सुटल्यावर जरूर भेटा.’

व्हॉट्सॲप गटावर ही चिठ्ठी टाका, पण चर्चा तिथे करू नका. कुणी आक्षेप लिहिला तर ‘उद्या भेटून बोलू’ एवढंच उत्तर द्या आणि खरोखर भेटा.

४. धर्म नका निवडू, प्रश्न निवडा

‘या आठवड्यात इस्लाम, पुढच्या आठवड्यात जैन धर्म’ अशी आखणी करू नका. त्यात प्रत्येक धर्म पाच मुद्द्यांचा होतो: संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण, चिन्ह. हा साचा काहींना बसतच नाही. हिंदू परंपरेला एक संस्थापक नाही, वारलींचा एक छापील ग्रंथ नाही, आणि देव न मानणाऱ्या घराला तर त्यात एकही रकाना नाही. मुलं मग जोड्या लावा पाठ करतात.

त्याऐवजी माणसाच्या जगण्यातला एक प्रश्न घ्या आणि त्यावर चार-पाच घरांची उत्तरं ठेवा.

पहिली-दुसरीला डोळ्यांना दिसणारं पुरे: नाव कसं ठेवतात, सणाला घरात काय बदलतं, दिवा कुठे कुठे लावतात, पाहुण्याला काय देतात. तिसरी-चौथीला जागा आणि वेळा येतात: लोक एकत्र कुठे जमतात, उपास म्हणजे कुणाच्या घरी काय, चंद्रावरून सण कसे ठरतात. रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे का येतो, आणि दिवाळी मात्र फार का सरकत नाही, हा चौथीसाठी सुंदर प्रश्न आहे. अधिक महिना आणि चांद्रवर्ष दोन्ही त्यात समजतात, आणि दिनदर्शिका हेच साहित्य होतं. पाचवीला ‘बरोबर-चूक कसं ठरवायचं’, ‘माणसं सगळी सारखी आहेत तर काहींना आत का येऊ दिलं नाही’ असे प्रश्न पेलतात. नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह इथे येतो. तो वगळून महाराष्ट्रातल्या धर्मजीवनाचं चित्र मुलांपुढे ठेवणं मला प्रामाणिक वाटत नाही.

निवडलेल्या प्रत्येक प्रश्नात एक उत्तर धर्माबाहेरचं ठेवाच. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीशिवाय लग्नं लावली. आजही नोंदणी करून लग्न करणारी, सण न करणारी घरं गावोगावी आहेत. त्या घरातल्या मुलाला ‘आमच्यात काहीच नाही’ असं वाटू नये.

*तपासणी:* तुमच्या टाचणात किमान एक उत्तर असं आहे का, जे तुमच्या स्वतःच्या घरचं नाही आणि तुम्ही नुकतंच त्या घरातल्या माणसाकडून पडताळून घेतलंय?

५. तुमची वाक्यं तपासा

टाचण लिहून झालं की लाल पेन घ्या आणि प्रत्येक वाक्य वाचा. ‘आपण’ हा शब्द सापडला की थांबा. ‘आपण दिवाळीला फराळ करतो’ या वाक्याने वर्गातली काही मुलं बाहेर गेली. ‘बऱ्याच घरांत दिवाळीला फराळ करतात’ असं लिहा. ‘आपण’ फक्त सगळ्या वर्गासाठी खऱ्या असलेल्या गोष्टींना ठेवा: आपण चौथीत आहोत, आपण या गावात राहतो.

दुसरी खूण ‘सगळे’. ‘सगळे मुसलमान रोजे ठेवतात’ हे खरं नाही; लहान मुलं, आजारी माणसं, प्रवासातले लोक ठेवत नाहीत, आणि इतरही काही ठेवत नाहीत. ‘जैन लोक बटाटा खात नाहीत’ याऐवजी ‘अनेक जैन घरांत जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्या खात नाहीत’. वाक्य थोडं लांबतं, पण वर्गातलं बटाटा खाणारं जैन मूल खोटं ठरत नाही.

तिसरं काम जरा वेळ घेणारं आहे आणि ते टाळू नका. टाचणातलं प्रत्येक विधान तीनपैकी कोणत्या प्रकारचं आहे ते समासात लिहा.

*घडतं किंवा घडलं:* ‘१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.’ ‘गुरुद्वारात लंगर असतो.’ हे सरळ सांगायचं.

*मानलं जातं:* ‘येशू मेलेल्यांतून उठला.’ ‘कुराण अल्लाहकडून आलं.’ ‘विठ्ठल पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिला.’ अशा प्रत्येक वाक्याला मानणारा माणूस जोडायचा: ‘ख्रिस्ती लोक मानतात की…’, ‘वारकऱ्यांची श्रद्धा आहे की…’. सर्वाधिक घसरण इथे होते. आपल्या धर्माची गोष्ट घडली म्हणून सांगितली जाते आणि दुसऱ्याची ‘ते मानतात’ म्हणून. दोन्हींना एकच क्रियापद लावा.

*तपासता येईल असा दावा:* ‘ग्रहणात शिजवलेलं अन्न विषारी होतं.’ ‘साप चावल्यावर भगताने मंत्र टाकला की विष उतरतं.’ इथे ‘काही लोक मानतात’ म्हणून पुढे जायचं नाही. ते खरं नाही, असं शिक्षकाने स्पष्ट सांगायचं, कारण त्यावर मुलाचा जीव अवलंबून असू शकतो. साप चावला की दवाखाना, तिथे दुसरं मत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे कलम ५१क मधलं मूलभूत कर्तव्य आहे, आणि जादूटोण्याच्या नावाने होणाऱ्या अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. मात्र हे सांगताना भगताची किंवा सांगणाऱ्या मुलाच्या आजीची टिंगल नको.

*सावधान:* ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य टाचणातून काढून टाका. ते ऐकायला गोड आहे, पण बुद्धाने सांगितलेलं आणि पैगंबरांनी सांगितलेलं एकच नाही, आणि पाचवीच्या हुशार मुलाला ते समजतं. माणसं वेगळं मानूनही एका गावात नीट राहू शकतात, हे शिकवणं जास्त खरं आणि जास्त उपयोगाचं आहे.

६. साहित्य जमवताना

चित्रं, फोटो, दिनदर्शिका, निमंत्रणपत्रिका, भांडी, कापडं उत्तम. धर्मग्रंथाची प्रत्यक्ष प्रत शक्यतो आणू नका. आणलीच तर ती त्या घरच्या माणसाने आणावी, जमिनीवर ठेवू नये, हातोहात फिरवू नये. फोटो दाखवून काम भागतं.

मुहम्मद पैगंबरांचं चित्र दाखवायचं नाही, काढायला तर मुळीच सांगायचं नाही. ‘प्रत्येक धर्माच्या संस्थापकाचं चित्र काढा’ असा गृहपाठ अजूनही दिला जातो. तो इथे आणि कुठेही देऊ नका.

वारली चित्रं बहुतेक शाळांच्या भिंतींवर असतात. लग्नाच्या चौकात, म्हणजे भिंतीवरच्या चौकोनी लग्नचित्रात, मधोमध असते ती पालघट देवी, आणि तो चौक सवाशिणी लग्नासाठी काढतात, हे मुलांना सांगा. नाहीतर एका समाजाची श्रद्धा आपल्याकडे नुसती नक्षी म्हणून उरते.

वर्गात खाऊ वाटायचा असेल तर दुसऱ्या टप्प्यातली माहिती काढा. प्रसाद, शिरखुर्मा, केक यांची चव घेणं मुलाच्या मर्जीवर ठेवा आणि ‘एवढंसं खाल्लं तर काय होतं’ असं म्हणू नका.

७. मुलांशी नियम ठरवा

पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटं यासाठी द्या. नियम मुलांच्या शब्दांत फळ्यावर लिहा. तीन पुरतात: ‘माझ्या घरी…’ असं बोलायचं, सगळ्यांच्या वतीने नाही. विचारायला हरकत नाही, चिडवायला आहे. सांगायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचं; त्याचं कारण कुणी विचारणार नाही.

‘पुढे’ हा नियम शिक्षकालाही लागू आहे. वर्गातल्या एकुलत्या एका शीख किंवा मुसलमान मुलाकडे पाहून ‘तू सांग’ म्हणायचं नाही. त्याने स्वतः हात वर केला तर आनंदाने ऐका. आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर अख्ख्या धर्माची प्रवक्तेगिरी टाकू नये.

८. प्रत्यक्ष तास: ‘बाळाचं नाव’

आता एक तास जवळून पाहू. इयत्ता चौथी, चाळीस मिनिटं.

*पहिली पाच मिनिटं.* प्रत्येक मूल शेजाऱ्याला सांगतं: माझं नाव कुणी ठेवलं? ठाऊक नसेल तर ‘घरी विचारतो’. धर्माचा उल्लेख अजून कुठेही नाही.

*पुढची पंधरा मिनिटं.* पाच पत्ते, म्हणजे कार्डं, पाच गटांना द्या. प्रत्येकावर एक चित्र आणि चार-पाच ओळी.

बारसं: अनेक हिंदू घरांत बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालतात. बायका ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात आणि आत्या कानात नाव सांगते.

अकीका: अनेक मुसलमान घरांत जन्मल्यावर बाळाच्या कानात अजान म्हणतात. सातव्या दिवशी बाळाचे केस काढतात आणि नाव ठेवतात.

शीख घरात गुरुद्वारात गुरू ग्रंथसाहिब उघडतात. समोर येणाऱ्या शबदाच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठरतं. याच ग्रंथात आपल्या संत नामदेवांची ६१ पदं आहेत. हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात, कारण नामदेव त्यांना पंढरपूरचे म्हणून माहीत असतात.

बौद्ध घरात भन्ते किंवा बौद्धाचार्य येतात, सगळे त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि नाव जाहीर होतं.

पाचव्या पत्त्यावरच्या घरात कुठलाच विधी नाही. आईबाबांनी रात्री बसून यादी केली, ताईने एक नाव निवडलं, आणि बाबा जन्मनोंदणीला गेले.

वर्गात ख्रिस्ती किंवा ज्यू मूल असेल, किंवा तुमची शाळा वसईची किंवा अलिबागकडची असेल, तर त्याप्रमाणे पत्ता बदला. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरात मुलाचं नाव सुंतेच्या वेळी, आठव्या दिवशी ठेवतात. काही चर्चमध्ये बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा होतो, काहींमध्ये माणूस मोठा झाल्यावर.

*दहा मिनिटं.* गट एकमेकांना सांगतात. शिक्षकाने इथे फक्त दोन प्रश्न विचारायचे: कुणाकुणाच्या घरी घरातली माणसं जमली? कानाशी काय काय झालं? दोन पत्त्यांत बाळाच्या कानात काहीतरी सांगितलं जातं हे मुलंच शोधतात. ‘म्हणजे सगळं एकच’ असं लगेच म्हणू नका. वेगळं काय आहे तेही विचारा.

*शेवटची दहा मिनिटं.* जन्मदाखल्याची कोरी प्रत दाखवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, आणि हा कागद पाचही घरांना सारखाच लागतो. वहीत प्रत्येक मूल तीन वाक्यं लिहितं: एक नवीन कळलेलं, एक सारखं वाटलेलं, एक विचारायचं राहिलेलं.

*तपासणी:* तासानंतर तिसरं वाक्य वाचा. प्रश्न माहितीचे असतील (‘केसांचं पुढे काय करतात?’) तर तास नीट झाला. ‘कुणाचं बारसं भारी?’ असे प्रश्न जास्त आले, तर पत्त्यांची भाषा पुन्हा पाहा.

*नेहमीची चूक:* पाळणा आणून बारशाचं नाटक बसवणं. बारसं ‘करून’ पाहिलं आणि बाकीचे पत्ते वाचले, की कुठलं घर खरं आणि कुठली घरं माहितीपुरती, हे मुलांना न सांगता कळतं.

९. अवघड प्रश्न आले की

येणारच. उत्तरं आधी मोठ्याने म्हणून ठेवा, वर्गात सुचत नाहीत.

‘बाई, देव खरंच असतो का?’
‘काही माणसं मानतात की असतो. काही मानत नाहीत. काही म्हणतात, आम्हाला ठाऊक नाही. मोठी मोठी माणसं यावर आयुष्यभर विचार करतात. तूही कर, आणि घरीही विचार.’

‘सर, तुम्ही काय मानता?’
लपवायची गरज नाही, पण वर्गात सांगू नये असं माझं मत आहे. प्राथमिकच्या वयात शिक्षकाचं मत हेच बरोबर उत्तर होतं. ‘मी माझ्या घरी काहीतरी मानतो. इथे मी सगळ्यांचा शिक्षक आहे’ एवढं पुरतं.

‘ते तसलं का खातात? शी!’
आवाज न चढवता: ‘शी हा शब्द दुसऱ्याच्या ताटाला लावायचा नाही, हा आपला नियम. एका घरात जे वर्ज्य, ते दुसऱ्या घरात रोजचं असतं.’ मग विषय पुढे न्या. कुणाच्या डब्यात काय आहे याची चर्चा वर्गात होऊ देऊ नका.

‘माझे बाबा म्हणतात ते लोक वाईट असतात.’
बाबांना खोटं ठरवू नका; मूल घर आणि शाळा यांच्यात अडकतं. ‘एका माणसाने वाईट केलं तर त्याच्या सगळ्या लोकांना वाईट म्हणता येईल का? आपल्या वर्गात एकाने पाटी फोडली तर सगळ्या चौथीला शिक्षा करू का?’ त्या मुलाशी नंतर एकट्याने बोला. दुसरं मूल दुखावलं असेल तर त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी, त्याच्याशीही बोला. हे उद्यावर टाकू नका.

१०. भेट आणि पाहुणे

प्रार्थनास्थळाची भेट सगळ्यात शेवटी, दोन-तीन तास झाल्यावर. आधी नेलंत तर मुलं चपला आणि खाऊ एवढंच लक्षात ठेवतात.

आधी स्वतः जाऊन या. मुली आणि शिक्षिका कुठवर जाऊ शकतात, डोकं झाकायचं का, फोटो चालतात का, पाणी आणि स्वच्छतागृह कुठे, हे विचारा. शुक्रवारी दुपारी मशीद आणि रविवारी सकाळी चर्च टाळा, कारण त्या त्यांच्या उपासनेच्या वेळा आहेत. पारशी अग्यारीत इतर धर्माच्या लोकांना प्रवेश नसतो, त्यामुळे तिथे मुलांना दारापर्यंत नेऊन हिरमुसलं करू नका. पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये, जायचं तर परवानगी आधी काढा. नांदेडच्या आसपासच्या शाळांना हुजूर साहिबचा लंगर हा पाहण्याजोगा धडा आहे: ओळीत बसून सगळे एकच जेवण जेवतात.

माहिती सांगणाऱ्याला तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा: मुलांचं वय, पंधरा मिनिटांची मर्यादा, आणि उपदेश नको. ‘तुम्ही इथे काय करता ते सांगा, मुलांनी काय करावं ते नको’ असं नम्रपणे म्हटलं तर कुणी रागावत नाही.

आत गेल्यावर मुलांनी हात जोडायचे की नाहीत? जोडा असंही सांगू नका आणि जोडू नका असंही नाही. शांत उभं राहिलेलं मूलही आदरच दाखवतंय. टिळा, प्रसाद, धागा ‘नको, धन्यवाद’ म्हणून नाकारायचा सराव वर्गात करून घ्या. ज्यांच्या पालकांनी भेटीला नकार दिला, त्यांच्यासाठी शाळेत त्याच विषयाचं खरं काम ठेवा. त्यांना नुसतं दुसऱ्या वर्गात बसवणं ही शिक्षा होते.

पाहुणा म्हणून पालक बोलवायचे तर एकाच दिवशी दोन घरांचे बोलवा. आजी असतील तर उत्तम. त्या गोष्ट सांगतात, प्रवचन करत नाहीत.

११. नोंदी आणि तक्रार

मूल्यमापनात माहिती, प्रश्न विचारणं, ऐकून घेणं आणि दुसऱ्याच्या पद्धतीचं नेमकं वर्णन यांच्या नोंदी करा. श्रद्धेला गुण नाहीत, अश्रद्धेलाही नाहीत. ‘सर्व धर्मांचा आदर करतो’ ही साचेबंद नोंद टाळा. ‘अकीका आणि बारसं यांतला फरक स्वतःच्या शब्दांत सांगितला, शेजाऱ्याचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं’ अशी नोंद पुढच्या शिक्षकाला काहीतरी सांगते. नोंदीत मुलाचा धर्म लिहू नका.

तक्रार आली तर पालकांसमोर तीन कागद ठेवा: चिठ्ठी, टाचण, मुलाची वही. बहुतेक वेळा तक्रार ऐकीव असते आणि वही पाहून निवळते. खरोखर काही चुकलं असेल, म्हणजे वाक्य घसरलं असेल किंवा चित्र चुकीचं गेलं असेल, तर त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर दुरुस्त करा आणि टाचणावर तारीख घालून लिहून ठेवा. पालक ऐकायला तयार नसतील तर मुख्याध्यापक आणि समितीच्या एका सदस्याला बसवूनच बोला, एकट्याने नको. बैठकीत काय ठरलं ते दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि त्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात नेहमीच्याच जागी बसवा.